हुंडीचा पणतू

वाई मागे पडली, पसरणीचा घाट लागला. समजा, गाडीत मागे बसलेल्या पाहुण्यानं पाचगणीतल्या एका होमस्टेची खोली मोबाइलवर बुक केली, ओटीपी टाकला आणि नेमकी वळणावर रेंज गेली. खात्यातून पैसे गेले, पण होमस्टेच्या वेबसाइटला त्याचा पत्ता नाही. तिच्या लेखी खोली रिकामीच.

वेबसाइटला पेमेंट गेटवे जोडणारा प्रत्येक जण कधी ना कधी या वळणावर येतो. पैसे हलवणं बँकांना जमतं. पैसे हलल्याची भरवशाची खबर तिसऱ्याच ठिकाणी पोचवणं, तीही एकदाच धरली जाईल अशा बेतानं, हे खरं काम. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी आपल्या सराफांनी ते हुंडीनं केलं होतं.

पुण्याच्या पेढीवर पैसे भरून कागद घ्यायचा आणि काशीला तो दाखवून रोकड उचलायची. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळत ती मुदती. समोरच्या पेढीनं मानली तर हुंडी ‘सकारली’, नाहीतर ‘नाकारली’. हजाराच्या हुंडीत ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ असंही लिहीत, म्हणजे एका आकड्यात खाडाखोड केली तर दुसरा चुगली करणार. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पैठ, तीही गेली तर परपैठ. पैसे चुकते होऊन रद्द झालेली हुंडी म्हणजे खोखा. खरी मेख इथंच होती: हुंडी, पैठ, परपैठ असे तीन कागद हिंडत असले तरी पैसे एकदाच द्यायचे. इंग्रजांनी 1881 साली चेक-हुंड्यांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतल्या हुंड्यांचा स्थानिक रिवाज त्यांनी मोडला नाही.

वेब घडवणाऱ्यांनाही पैशांचं भान होतं. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या 1997 सालच्या एचटीटीपी नियमावलीत 402 हा उत्तराचा क्रमांक ‘पैसे भरणं आवश्यक’ यासाठी ठेवून पुढे ‘भविष्यासाठी राखीव’ असं लिहिलं होतं. तो राखीवच राहिला आणि मधल्या मोकळ्या जागेत मध्यस्थ शिरले. भारतात ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली, 2016 साली यूपीआय आलं. मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेनं या मध्यस्थांची नावंही वेगळी केली: नुसती तांत्रिक वाट पुरवतो तो गेटवे, दुकानदाराच्या वतीनं पैसे हाती घेतो तो ॲग्रिगेटर. आपण सरसकट ‘गेटवे’ म्हणतो ते पुष्कळदा हे दुसरेच, जुन्या भाषेत सराफ.

आता होमस्टेची वेबसाइट जॅंगोत लिहिली आहे असं धरू. अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेली ही चौकट 2005 साली सर्वांसाठी खुली झाली. तिचा पहारा कडक. आपण दिलेलं टोकन नसलेला बाहेरचा फॉर्म आला की 403 म्हणून दारातूनच परत. गेटवेचा निरोप्या, म्हणजे वेबहुक, असाच बिनटोकनाचा येतो. म्हणून त्या एका दारावरचा पहारा उठवावा लागतो. तेवढंच करून निजलात तर ‘पैसे मिळाले’ असं कोणीही सांगून जाईल. म्हणून निरोपासोबत एक सही येते, फक्त गेटवे आणि वेबसाइट या दोघांना ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीनं काढलेली. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. निमे-दुप्पट इथं गणितात गेलं, इतकंच.

रकमेचीही गंमत आहे. कित्येक गेटवे रुपये नव्हे, पैसे मोजतात. अडीच हजारांच्या खोलीसाठी 2500 पाठवलेत तर ती पंचवीस रुपयांत जाईल.

रेंज पाहुण्याची गेली होती, सर्व्हरची नाही. ब्राउझर परतला नाही तरी वेबहुक मागच्या वाटेनं येतो. सही जुळते, रक्कम जुळते, खोली भरली म्हणून नोंदली जाते. पण वेबसाइटची पोच गेटवेपर्यंत पोचली नाही, म्हणून तोच निरोप पुन्हा येतो. पैठ! वेबसाइट व्यवहाराचा क्रमांक वहीत शोधते. तो आधीच सापडतो. दुसरी खोली न अडवता ती नुसतं 200 म्हणते: पोचलं.