शून्य बळी, १११ धावा : ब्रेबॉर्नवरचा शेन वॉर्न आणि आकड्यांमागचे मौन

१/
प्रतिस्पर्धी संघाचा सर्वांत घातक गोलंदाज हंगामाच्या आरंभीच मार खाऊ लागला की चाहत्यांच्या गप्पांना उधाण येते. ‘संपला हा’ असे एक पक्ष म्हणतो, ‘थांबा, तो डाव राखून आहे’ असे दुसरा म्हणतो. या वादाचे मराठी मुलुखातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फेब्रुवारी १९९८ मधील मुंबईचा ब्रेबॉर्न सामना. आजचा धागा त्याविषयी. यात क्रिकेट आहेच, पण प्रश्न इतिहासाचा आहे : समोर असलेल्या नोंदीवरून आपण नेमके काय म्हणू शकतो?

२/
प्रथम घटना. मार्क टेलरच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाचा संघ तीन कसोटींसाठी भारतात आला. २४ ते २६ फेब्रुवारी या काळात त्याचा पहिला सामना मुंबईशी झाला. मुंबईचा कर्णधार होता सचिन तेंडुलकर. पाहुण्यांनी ८ बाद ३०५ वर डाव घोषित केला. मुंबईने ६ बाद ४१० धावा केल्या. त्यांत सचिनच्या नाबाद २०४ होत्या, प्रथम श्रेणी क्रिकेटमधील त्याचे पहिले द्विशतक. मुंबईने सामना दहा गडी राखून जिंकला.

३/
या सामन्यातील शेन वॉर्नची नोंद अशी : १६ षटके, १ निर्धाव, १११ धावा, शून्य बळी. म्हणजे षटकामागे जवळजवळ सात धावा. एकदिवसीय सामन्यातही ही नोंद लाजिरवाणी ठरली असती, इथे तर तीन दिवसांचा सामना होता. आणि गोलंदाज कोण? याच वर्षाच्या जानेवारीत, सिडनीत, कसोटीतील आपला ३०० वा बळी घेणारा. सारे जग ज्याच्या लेगस्पिनला बिचकत होते, तो.

४/
माझा जन्म या सामन्यानंतरचा. त्यामुळे माझ्यासाठी हा सामना आठवण नाही, साधन आहे : धावफलक, खेळाडूंनी पुढे सांगितलेल्या हकिकती आणि मोठ्या माणसांचे बोलणे. आमच्या मोडनिंबात, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर, आजही पन्नाशीपुढची माणसे हा विषय निघाला की खुर्ची पुढे ओढतात. ‘सचिननं वॉर्नचा बाजार ब्रेबॉर्नवरच उठवला, कसोट्या ही नुसती औपचारिकता होती,’ हे त्यांचे ठाम मत. मालिका भारताने २-१ अशी जिंकली, तेव्हा मत खोटे तरी कसे म्हणावे? पण मधल्या पायऱ्या पाहिल्या की गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

५/
पहिली पायरी, चेन्नई, ६ मार्च. सचिन फलंदाजीस आला, त्याने वॉर्नला एक चौकार मारला आणि लगेचच स्लिपमध्ये टेलरच्या हाती झेल देऊन ४ धावांवर परतला. गोलंदाज वॉर्न. ब्रेबॉर्नवरच्या द्विशतकाला दोन आठवडेही झाले नव्हते. भारत २५७ धावांत बाद, वॉर्न ८५ धावांत ४ बळी. ऑस्ट्रेलियाने ३२८ धावा करून ७१ ची आघाडी घेतली. त्या दिवशी टपरीवर कोणी ‘औपचारिकता’ हा शब्द उच्चारला असता, तर त्याला चहाचे पैसे सगळ्यांचे द्यावे लागले असते.

६/
म्हणजे ब्रेबॉर्नच्या आकड्यांवरून ‘वॉर्न संपला’ असा निष्कर्ष काढणारे दहाच दिवसांत उघडे पडले. पण दुसऱ्या डावात सचिनने नाबाद १५५ धावा केल्या, भारताने ४ बाद ४१८ वर डाव घोषित केला आणि वॉर्नच्या वाट्याला १२२ धावांत एकच बळी आला. ऑस्ट्रेलिया १६८ धावांत गुंडाळला गेला. भारत १७९ धावांनी विजयी. आता ‘वॉर्न डाव राखून आहे’ म्हणणाऱ्यांनी मान खाली घातली. एकाच कसोटीत दोन्ही पक्ष एकेकदा बरोबर आणि एकेकदा चूक! मग ब्रेबॉर्नची नोंद खरे काय सांगत होती?

७/
याचे उत्तर त्या नोंदीत जे नाही, त्यात आहे. सचिनने पुढे सांगितल्याप्रमाणे, मुंबईच्या सामन्यात वॉर्नने त्याला ‘राउंड द विकेट’ येऊन, लेगस्टंपबाहेरच्या खरवडलेल्या जागेत चेंडू टाकला नव्हता. लेगस्पिनरचे उजव्या फलंदाजाविरुद्धचे हे जुने अस्त्र. गोलंदाजांच्या बुटांनी उकरलेल्या मातीवर चेंडू पडला की तो किती वळेल, किती उसळेल, याचा नेम नसतो. फलंदाज पायाने अडवत राहिला तर धावा थांबतात, आणि फटका मारायला गेला तर जीव धोक्यात येतो. सचिनने यावरून ताडले की हे अस्त्र कसोटीसाठी राखून ठेवले आहे.

८/
म्हणून द्विशतकावर समाधान न मानता तो चेन्नईत सरावाला उभा राहिला. भारताचा माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णन याला त्याने नेमक्या त्याच जागेत, मुद्दाम उकरलेल्या मातीवर, चेंडू टाकायला लावले. तिथून वळून येणारा चेंडू मिडविकेटच्या दिशेने, वळणाबरोबर फटकावण्याचा सराव केला. दुसऱ्या डावात वॉर्न राउंड द विकेट आला, तेव्हा उत्तर तयार होते. तो नाबाद १५५ धावांचा डाव नुसत्या प्रतिभेचा नव्हे, तर एका अचूक वाचनाचाही आहे.

९/
इतिहासाच्या अभ्यासात आम्हाला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवतात : साधन जे बोलते ते वाचाच, पण ते कशाविषयी गप्प आहे तेही पाहा. बखरकार लढाईचे रसभरीत वर्णन करतो आणि तहाच्या अटींवर मौन धरतो, तेव्हा ते मौनही साधनच असते. ‘१६-१-१११-०’ ही नोंद शेकडो लोकांनी वाचली. तिच्यातील मौन वाचले ते मात्र त्याने, ज्याला त्या धावांचा सर्वाधिक अभिमान वाटायला हवा होता. चाहत्यांनी विचारले, ‘त्याचे काय चुकले?’ सचिनने विचारले, ‘त्याने काय केले नाही?’ दोन्ही प्रश्न एकाच आकड्यावरचे आहेत, पण दुसऱ्याच प्रश्नातून पुढच्या दोन आठवड्यांची तयारी निघाली.

१०/
आता न्यायाची दुसरी बाजू. वॉर्नचे अपयश केवळ डावपेचाचे नव्हते. कोलकात्यात भारताने ५ बाद ६३३ धावा केल्या आणि त्याने १४७ धावांत एकही बळी घेतला नाही. ऑस्ट्रेलिया एक डाव आणि २१९ धावांनी हरला. बंगळुरूत पाहुण्यांनी आठ गडी राखून विजय मिळवला, तिथे त्याने दोन डावांत मिळून पाच बळी घेतले. मालिकेअखेर १० बळी, सरासरी ५४. याची कारणे उघड होती. वेगवान गोलंदाज ग्लेन मॅकग्रा दुखापतीमुळे या दौऱ्यावर नव्हता, म्हणून एरवी दुसऱ्या टोकाकडून मिळणारा दाब नाहीसा झाला होता. शिवाय वॉर्नचा उजवा खांदा कुरकुरत होता. याच वर्षी मे महिन्यात त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. मनगटी फिरकीत खांद्याचाही मोठा वाटा असतो, हे ध्यानात घेतले तर आकडे निराळे दिसू लागतात.

११/
दौऱ्याच्या आरंभीचे आकडे उलट्या दिशेनेही फसवतात. त्याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले. पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, २८ मार्च १९२६. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १६८८ धावा कुटल्या, द्विशतकेही झळकावली. काउंटी मैदानांवरचा त्यांचा रंग पाहून कोणीही म्हटले असते की हा माणूस कसोट्या गाजवणार. कसोट्यांत मात्र सात डावांत ४३ धावा! फ्रेड ट्रूमन नावाच्या तरुण वेगवान गोलंदाजाने त्यांना स्थिर उभे राहू दिले नाही. काउंट्यांच्या गोलंदाजीत तो वेग नव्हता. म्हणून तिथल्या धावा खऱ्या असूनही त्या प्रश्नाचे उत्तर नव्हत्या.

१२/
आणि त्या ४३ धावांवरून ‘उम्रीगर वेगाला घाबरतो’ अशी कायमची पाटी लावणारेही चुकलेच. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये पाच कसोटींत त्यांनी ५६० धावा केल्या. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून कसोटीत द्विशतक ठोकणारे ते पहिले भारतीय ठरले. १९५९ मध्ये पुन्हा इंग्लंडला जाऊन मँचेस्टरच्या कसोटीत त्यांनी शतक झळकावले. त्यांच्या नावावर ३६३१ कसोटी धावा आणि १२ शतके आहेत. सोलापूरकरांनी हे नाव वॉर्नच्या वादात जरूर घ्यावे, कारण एका हंगामाचा निकाल जन्मभराचा निकाल मानणे किती महागात पडते, हे त्यात स्पष्ट दिसते.

१३/
वॉर्नच्या बाबतीत तर ही चूक तिसऱ्यांदा होत होती. जानेवारी १९९२ मध्ये सिडनीत त्याने भारताविरुद्धच पदार्पण केले. रवी शास्त्रीच्या २०६ आणि सचिनच्या नाबाद १४८ धावांच्या त्या डावात त्याला १५० धावांत शास्त्रीचा एकच बळी मिळाला. अॅडलेडला ७८ धावा, बळी नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलंबोला पहिल्या डावात १०७ धावा, बळी नाही. एकूण हिशेब : एक बळी, ३३५ धावा. आणि त्याच सामन्याच्या शेवटी, श्रीलंका विजयाच्या दारात असताना, त्याने एकही धाव न देता अखेरचे तीन बळी टिपले. ऑस्ट्रेलिया १६ धावांनी जिंकला. आणखी दहा महिन्यांत तो ॲशेस मालिकेत इंग्लंडची झोप उडवत होता.

१४/
१९९८ नंतरही तेच. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर १९९९ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात तीन कसोटींत केवळ दोन बळी मिळाल्याने कर्णधार स्टीव वॉने त्याला चौथ्या कसोटीतून वगळले. ‘आता खरेच संपला’ हा उद्गार या वेळी ऑस्ट्रेलियातही उमटला. काही आठवड्यांनी विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात २९ धावांत ४ बळी, अंतिम सामन्यात ३३ धावांत ४ बळी, दोन्हींत सामनावीर. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर ७०८ कसोटी बळी होते.

१५/
तरीही मोडनिंबच्या टपरीचे मत मी पूर्णपणे फेटाळणार नाही. भारतभूमीवर वॉर्नने एकूण नऊ कसोटींत ३४ बळी घेतले, सरासरी ४३ च्या वर. त्याच्या एकूण २५ च्या सरासरीशेजारी ही नोंद ठेवली, तर इथल्या फलंदाजांनी त्याला खरोखरच रोखले होते, हे मान्य करावे लागते. म्हणजे टपरीचा निष्कर्ष बऱ्याच अंशी बरोबर, पण त्याला दिलेला पुरावा कच्चा. ब्रेबॉर्नच्या सोळा षटकांनी ते सिद्ध होत नव्हते. ते सिद्ध झाले चेन्नईच्या दुसऱ्या डावात, कोलकात्याच्या उन्हात नव्हे तर तिथल्या ६३३ धावांत आणि २००१ च्या मालिकेत, जिथे त्याची सरासरी पुन्हा पन्नाशीवर गेली. निकाल बरोबर आला म्हणून रीत बरोबर होती असे होत नाही. आणि हे इतिहासाला जितके लागू आहे, तितकेच टपरीवरच्या वादालाही.

१६/
तेव्हा पुढच्या वेळी समोरच्या संघाचा हुकमी गोलंदाज हंगामाच्या सुरुवातीला मार खाईल, तेव्हा तीन प्रश्न विचारून पाहा. त्याचे शरीर ठीक आहे का? दुसऱ्या टोकाला त्याला साथ कोणाची आहे? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : आज त्याने काय टाकले नाही? पहिल्या दोहोंची उत्तरे वर्तमानपत्रात मिळतील. तिसऱ्यासाठी सामना डोळे उघडे ठेवून पाहावा लागतो.

१७/
एक विनंती. १९९८ च्या त्या पंधरवड्यातील मराठी वर्तमानपत्रांची कात्रणे, धावफलकांच्या वह्या किंवा त्या दिवसांत लिहिलेली एखादी डायरी आपल्या घरी असेल, तर तिचे छायाचित्र खाली जरूर जोडावे. विशेषतः २७ फेब्रुवारी ते ५ मार्च या दिवसांतले. चेन्नईचा निकाल माहीत होण्याआधी लोक काय म्हणत होते, ते मला वाचायचे आहे. नंतर तर आपण सारेच शहाणे असतो.