हवेचे पौंड

मालाने भरलेली पिकअप पंक्चरच्या दुकानापुढे येऊन उभी राहिली की हवेची नळी हातात घेता घेता कारागीर ‘किती पौंड?’ एवढेच विचारतो, आणि चालकही कोणी तरी केव्हा तरी सांगून ठेवलेला आकडा विनाविलंब उच्चारतो. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापांचा अंमल सुरू झाला आणि शेर, मण, रत्तल हे बाजारातून यथावकाश पायउतार झाले. परंतु दर चौरस इंचावर पडणाऱ्या दाबाचा हा पौंड मात्र चाकाच्या आश्रयाने आपले वतन राखून राहिला आहे. त्या प्रश्नाला एकच कायमचे उत्तर असावे, ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी चाकाच्या इतिहासाला ती मानवत नाही. ज्यांनी ज्यांनी हे उत्तर शोधण्यासाठी परिश्रम केले, त्यांना ते प्रत्येक वेळी ओझ्याकडे आणि जमिनीकडे पाहूनच शोधावे लागले.

स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट मिळवले आणि लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून चालवूनही दाखवली; पण लोक ती विसरले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हीच कल्पना सायकलीसाठी नव्याने मांडली, आणि थॉमसनचा दाखला निघाल्यावर त्यांचे पेटंट रद्दबातल ठरले. सायकलीवर बसणारा स्वार सकाळी आणि सायंकाळी सारख्याच वजनाचा असतो. त्यामुळे हवा पुरेशी आहे की नाही, याचा निवाडा अंगठ्याने दाबून करता येत असे.

मालमोटारीचे तसे नव्हते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ट्रक भरीव रबराच्या चाकांवर धावत, आणि त्या धक्क्यांनी गाडी, माल व रस्ता या तिघांचीही हानी होई. ओहायोतील अ‍ॅक्रन येथल्या गुडइयर कारखान्याने १९१७ मध्ये ‘विंगफूट एक्सप्रेस’ या नावाने पॅकार्ड कंपनीचा एक ट्रक हवेच्या टायरांवर बोस्टनला धाडला. जाताना टायर न्यायचे आणि येताना न्यू इंग्लंडच्या गिरणीतून टायरसाठीच लागणारे सुती कापड आणायचे, अशी ती तजवीज होती. अ‍ॅलेगेनी पर्वतातील कच्च्या, चिखलमय वाटांवर टायरमागून टायर फुटले आणि पहिल्या खेपेला आठवडे लागले. परंतु हाच प्रवास पुढे जाऊन-येऊन सुमारे पाच दिवसांत होऊ लागला. या कष्टमय प्रवासाबद्दल मला नितांत आदर वाटतो, कारण टनावारी माल हवेवर तोलून धरता येतो, हे त्या मंडळींनी वाटेवर उभे राहून, फुटलेले टायर बदलत सिद्ध केले.

वस्तुतः ओझे रबर पेलीत नाही, कोंडलेली हवा पेलते. एका चाकावर ६०० किलो भार असेल आणि आत चौरस सेंटिमीटरला ३ किलो, म्हणजे सुमारे ४३ पौंड, दाब असेल, तर त्या चाकाचा जमिनीवरील ठसा अदमासे २०० चौरस सेंटिमीटरांचा पडतो. भार वाढवला आणि हवा तीच ठेवली तर ठसा पसरतो, टायरची कूस प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते आणि त्या वाकण्यानेच तापते. उलट रिकाम्या गाडीत हवा ठासून भरली तर ठसा आक्रसतो, गाडी उसळते आणि टायर मधोमध झिजतो. १९२० च्या दशकात लिबियाच्या वाळवंटात हिंडणाऱ्या राल्फ बॅग्नोल्ड यांनी हा ठसा बुद्धिपुरस्सर पसरवला: मऊ वाळू आली की ते टायरमधली हवा काढून टाकीत.

फोर्डने १९२५ साली मॉडेल टी या गाडीला कारखान्यातच मालाचा हौदा बसवून २८१ डॉलरांना ती विकायला काढली, तेव्हा या सर्व विवंचना शेतकऱ्याच्या अंगणात आल्या. पिकअप बाजाराला भरून जाते आणि रिकामी परतते. इंजिनाखालच्या पुढच्या चाकांवरचा भार फारसा बदलत नाही, मागच्यांवरचा मात्र पुष्कळ बदलतो.

एका आकड्याचा हट्ट किती महाग पडू शकतो, हे अमेरिकेत २००० साली दिसले. रेंजर पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेल्या फोर्ड एक्सप्लोररसाठी कंपनीने २६ पौंड हवा नेमून दिली होती. उष्ण प्रदेशांत, वेगात धावताना फायरस्टोनच्या टायरांची धाव, म्हणजे जमिनीला भिडणारा वरचा पट्टा, सुटू लागली, दोनशेहून अधिक माणसे मेली आणि ऑगस्टमध्ये ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यांत काही रेंजर पिकअपचेही टायर होते. फायरस्टोनने ३० पौंडांचा आग्रह धरला, फोर्डने टायरांना दोष दिला. सरकारी चौकशीत टायरांतलाच दोष सिद्ध झाला, तरी तापणाऱ्या सदोष टायरला कमी हवा किती घातक, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी झालेल्या कायद्यामुळे पुढे हवा नेमल्यापेक्षा पंचवीस टक्के उतरली की चालकापुढे दिवा लागावा, असे बंधन हलक्या गाड्यांवर आले. दिव्याला आकडा कळतो. मागच्या हौद्यात काय भरले आहे, ते कळत नाही.

म्हणून दाराच्या चौकटीवरचा हवेच्या दाबाचा तक्ता वाचणे आवश्यक ठरते. टायरच्या कुशीवर कोरलेला आकडा ही त्याची कमाल मर्यादा असते, नेमणूक नव्हे. नेमणूक त्या तक्त्यावर असते, पुढच्या चाकांची निराळी आणि मागच्यांची निराळी, आणि ती थंड टायरसाठी असते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवून परतणाऱ्या पिकअपने धावून तापलेल्या टायरांची हवा मोजली, तर मीटर काही पौंड चढेच दाखवील. ते पाहून तिथेच हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे, थंड टायरांवर पुन्हा क्रेट चढू लागतील, तेव्हा नेमकी तेवढीच हवा मागच्या चाकांत कमी भरेल.