परदेश सहल आणि परतीचे सात दिवस

महाराष्ट्रात करोनाचे जे पहिले दोन रुग्ण आढळले, ते सहलीवरून परतलेले होते, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या स्मरणात नाही. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात ज्या दोघांना संसर्ग झाल्याचे स्पष्ट झाले, ते दुबईची सहल आटोपून १ मार्च रोजी परतलेल्या सुमारे चाळीस जणांच्या गटातील होते. दोनच दिवसांनी मुंबईत जे दोन रुग्ण सापडले, तेही त्याच गटातील सहप्रवासी निघाले. आठवडा उलटण्याच्या आत ठाण्यात फ्रान्सहून परतलेला आणि कल्याणमध्ये अमेरिकेहून परतलेला असे रुग्ण आढळले. कल्याणच्या रुग्णापासून त्याच्या घरातील दोघांनाही लागण झाली. ज्या परदेशवारीचे पेढे सोसायटीत वाटले जात, तिच्याकडे शेजारी संशयाने पाहू लागले ते या आठवड्यापासून.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या बाबतीत एक अडचण मुळातच होती. या भागातील प्रवाशाचे विमान मुंबईत उतरते आणि त्याचे घर दुसऱ्या महापालिकेत असते. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. विमानतळावर प्रवाशाची तपासणी एका यंत्रणेने करायची, त्याच्या नावाची यादी राज्य शासनामार्फत पुढे पाठवायची आणि त्याच्या दारावर थाप मारायची ती तिसऱ्याच यंत्रणेच्या आरोग्य कर्मचाऱ्याने, अशी ही साखळी होती. महासाथीच्या तीन वर्षांत परदेशगमनाचे नियम अनेकदा बदलले. ही साखळी मात्र तशीच राहिली आणि तिचा शेवटचा दुवा नेहमीच कच्चा राहिला.

हातावरचा शिक्का

राज्यात साथरोग अधिनियम, १८९७ लागू करण्यात आला तो १३ मार्च २०२० रोजी. त्यानंतर तीन दिवसांनी, घरी विलगीकरणात राहण्यास सांगितलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. त्यासाठी मतदानाच्या वेळी वापरतात तशी न पुसली जाणारी शाई वापरण्यात आली. शिक्का असलेले लोक रस्त्यावर, गाड्यांमध्ये दिसू लागताच त्यांना अडविण्याचे प्रकारही सुरू झाले. १८ मार्च रोजी जर्मनीहून परतलेल्या चौघांना गरीबरथ एक्स्प्रेसमधून पालघर स्थानकात उतरविण्यात आले, ते त्यांच्या हातावरील शिक्के सहप्रवाशांच्या नजरेस पडल्यामुळेच.

डोंबिवलीत याच सुमारास जे घडले त्याची चर्चा पुढे कितीतरी दिवस होत राहिली. तुर्कस्तानहून परतलेला एक तरुण घरी न थांबता लग्नसमारंभात सहभागी झाला आणि नंतर त्याला संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. पाहुण्यांमध्ये तत्कालीन महापौरांचाही समावेश होता. त्यांना स्वतःला घरी विलग करून घ्यावे लागले. तरुणावर पोलिसांत गुन्हा नोंदविण्यात आला. लग्नाला आलेल्यांचा शोध घेता घेता पालिकेच्या कर्मचाऱ्यांची जी दमछाक झाली, ती पुढील दोन वर्षांची नांदी होती.

२२ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानांना देशात उतरण्यास बंदी करण्यात आली. ही बंदी प्रथम एका आठवड्यासाठी होती. नियमित आंतरराष्ट्रीय सेवा पूर्ववत सुरू होण्यास मात्र २७ मार्च २०२२ ही तारीख उजाडली. परदेशात अडकलेल्यांना आणण्यासाठी ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहीम सुरू झाली आणि जुलै २०२० पासून काही देशांशी ‘एअर बबल’ म्हणजे मर्यादित विमानसेवेचे द्विपक्षीय करार होऊ लागले.

उन्हाळी सुटीचे पैसे

एप्रिल-मे महिन्यांतील युरोप सहल हा मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत वर्षभर आधी ठरणारा बेत असतो. २०२० च्या उन्हाळ्यासाठी ज्यांनी पैसे भरले होते, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो परताव्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी दिलेल्या निकालानुसार टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या विमान तिकिटांची पूर्ण रक्कम परत करणे कंपन्यांना बंधनकारक झाले. टाळेबंदीपूर्वी काढलेल्या तिकिटांबाबत, कंपनी आर्थिक अडचणीत असल्यास ती रक्कम ३१ मार्च २०२१ पर्यंत ‘क्रेडिट शेल’ म्हणून प्रवाशाच्या नावे जमा ठेवण्याची मुभा मिळाली.

हा निकाल विमान तिकिटापुरता होता, हे अनेकांच्या ध्यानी उशिरा आले. सहलीच्या एकत्रित रकमेत हॉटेल, व्हिसाचे शुल्क, बसभाडे, जेवण असे सारे काही असते. त्यांपैकी व्हिसाचे शुल्क सहसा परत मिळत नाही आणि परदेशी हॉटेलकडे भरलेली अनामत रक्कम ज्याच्या त्याच्या करारावर अवलंबून असते. अनेक पर्यटन व्यावसायिकांनी रोख परतावा न देता ती रक्कम पुढील सहलीसाठी जमा दाखविली. ज्यांची नोकरी गेली किंवा ज्यांच्या घरात आजारपण आले, त्यांना पुढील सहलीचे आश्वासन काय कामाचे?

दुबई खुली, लोकल बंद

७ जुलै २०२० रोजी दुबईने पर्यटकांसाठी दारे उघडली. त्याच महिन्यात, १५ तारखेला, मालदीवनेही तोच मार्ग धरला. त्या वेळी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत दुसऱ्यांदा कडक टाळेबंदी लागू होती. २ जुलैला सुरू झालेली ती टाळेबंदी मुदतवाढ मिळून १९ जुलैपर्यंत चालली. उपनगरी रेल्वे १५ जूनपासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली होती. सर्वसामान्य प्रवाशांना लोकलमध्ये ठराविक वेळेत पाय ठेवता आला तो १ फेब्रुवारी २०२१ रोजी.

म्हणजे २०२० च्या दिवाळीत डोंबिवलीतील एखादे सुखवस्तू कुटुंब चाचणीचा अहवाल खिशात घालून मालदीवला जाऊ शकत होते. पण त्याच इमारतीतील खासगी नोकरदाराला लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठता येत नव्हते. त्याला बसच्या रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागे. नियम करणाऱ्यांची कारणे आपापल्या जागी योग्य असतीलही, पण या विसंगतीचा सल त्या काळात येथील नोकरदारांच्या बोलण्यात वारंवार येई.

मालदीवला पसंती मिळाली ती केवळ समुद्रामुळे नव्हे. भारतीयांना तेथे पोहोचल्यावर विनाशुल्क व्हिसा मिळतो आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट ही तेथील रचना साथीच्या काळात सोयीची ठरली. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षांत मालदीवला गेलेल्या पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते. २०२१ मध्ये त्यांची संख्या सुमारे २ लाख ९१ हजार होती. पण दुसऱ्या लाटेत हीच दारे एका रात्रीत मिटली. संयुक्त अरब अमिरातीने २५ एप्रिल २०२१ पासून भारतातून येणारी प्रवासी विमाने थांबविली. मालदीवने १३ मेपासून दक्षिण आशियाई पर्यटकांचे व्हिसा स्थगित केले. ते पुन्हा सुरू झाले १५ जुलै रोजी.

लस कोणती, तारीख कशी लिहिली?

लसीकरण सुरू झाल्यावर पारपत्राच्या जोडीला दुसरा दाखला आला. त्यातही गुंता होताच. मे २०२१ मध्ये कोव्हिशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. जूनमध्ये केंद्राने शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची सवलत दिली. सहलीला जाणाऱ्यांचा या सवलतीत समावेश नव्हता, आणि लसीच्या एकेका मात्रेसाठी पहाटेपासून रांगा लागत असताना तो नसणेच रास्त होते.

ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली त्यांना अधिक काळ थांबावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने त्या लसीला ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मान्यता दिली. तोवर एकाच घरात पतीने कोव्हिशिल्ड आणि पत्नीने कोव्हॅक्सिन घेतली असेल, तर अनेक देशांच्या दृष्टीने पती लसवंत आणि पत्नी लसविना, अशी स्थिती होती. ब्रिटनने तर सप्टेंबरमध्ये कोव्हिशिल्ड मान्य केली, परंतु भारताचे प्रमाणपत्र मान्य केले नाही. भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांवर दहा दिवसांच्या विलगीकरणाची सक्ती केली आणि अखेर ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपली अट मागे घेतली. दरम्यान, ‘कोविन’ प्रमाणपत्रावर पारपत्र क्रमांक जोडण्याची सोय झाली होती आणि परदेशगमनाच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीखही येऊ लागली.

चाचण्यांचा खर्च हाही सहलीच्या अंदाजपत्रकातील एक रकाना झाला. खासगी प्रयोगशाळेतील आरटी-पीसीआर चाचणीसाठी राज्याने जून २०२० मध्ये ठरविलेला किमान दर २,२०० रुपये होता. तो उतरत उतरत डिसेंबर २०२१ मध्ये ३५० रुपयांवर आला. परंतु दुबईला जाण्यासाठी उड्डाणापूर्वी काही तासांच्या आत विमानतळावरच रॅपिड पीसीआर करावी लागे. मुंबई विमानतळावर तिचा दर ४,५०० रुपये होता, तो पुढे ३,९०० झाला. चौघांच्या कुटुंबाला कमी झालेल्या दरानेही १५,६०० रुपये मोजावे लागत. एकाचा अहवाल जरी बाधित आला, तरी सामानासकट सर्वांनी घरी परतायचे.

एकशे नऊ जणांचा शोध

२६ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या नव्या प्रकाराला ‘ओमायक्रॉन’ हे नाव दिले. ४ डिसेंबर रोजी महाराष्ट्रातील त्याचा पहिला रुग्ण निश्चित झाला, तो डोंबिवलीचा. जहाजावर नोकरी करणारा हा तरुण दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनहून दुबईमार्गे दिल्लीला उतरला, तेथे चाचणीसाठी नमुना देऊन पुढच्या विमानाने मुंबईला आला. अहवाल येईपर्यंत तो घरी पोहोचलेला होता. त्याने लस घेतलेली नव्हती. त्याला सौम्य ताप होता. कल्याणमधील महापालिकेच्या कोविड केंद्रात त्याच्यावर उपचार झाले आणि ८ डिसेंबर रोजी त्याला घरी सोडण्यात आले. त्याच्या संपर्कातील ३५ जणांच्या चाचण्या केल्या, त्यांपैकी एकही बाधित निघाला नाही. हा तरुण सहलीला गेला नव्हता, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. त्या आठवड्यात मात्र परदेशातून आलेला प्रत्येक जण एकाच मापाने मोजला जात होता.

त्यानंतर पालिकेने परदेशातून नुकत्याच परतलेल्यांची यादी घेऊन शोध सुरू केला, तेव्हा २९५ पैकी १०९ जणांचा पत्ताच लागेना. तत्कालीन आयुक्त डॉ. विजय सूर्यवंशी यांनीच ही माहिती दिली होती. काहींचे दूरध्वनी बंद होते, काहींच्या दिलेल्या पत्त्यावर कुलूप होते.

हे सर्वच जण दडून बसले होते असे समजणे अन्यायाचे ठरेल. पारपत्रावर एक पत्ता, भाड्याचे घर दुसरीकडे आणि सासर तिसरीकडे, ही या पट्ट्यातील नित्याची बाब. परदेशातून आलेल्याच्या खिशात अनेकदा तिकडचे सिम असते. पण या सबबी जमेस धरूनही शंभराहून अधिक माणसांचा ठावठिकाणा न लागणे गंभीर होते. नियमानुसार जोखमीच्या देशांतून आलेल्यांनी सात दिवस घरी विलग राहायचे आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी करायची होती. राज्याने तर दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना व झिम्बाब्वे येथून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण सक्तीचे केले होते. घरी राहणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पालिकेने गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांवर टाकली.

येथेच खरी कोंडी होती. सोसायटीचा सेक्रेटरी हा कोणी सरकारी अधिकारी नव्हे. ज्याच्याशी रोज जिन्यात गाठ पडते, त्या शेजाऱ्याला ‘दार उघडू नका’ असे सांगणे त्याला जड जाई. सांगितले नाही तर इतर सभासद जाब विचारीत. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या इमारतींत दीड-दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय आणायचे कोठून, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नव्हते. घोडबंदर रस्त्यावरील प्रशस्त संकुलांना जो नियम पाळता येई, तोच विष्णुनगरच्या चाळीत कागदावर राही. घरात वृद्ध आई-वडील असले, तर सहलीवरून आलेला मुलगा सात दिवस कोठे राहील, हा निर्णय जाण्यापूर्वीच घेणे शहाणपणाचे होते. तो फार थोड्यांनी घेतला.

नाताळाच्या सुटीत दुबईला गेलेल्यांना, तेथे ‘एक्स्पो’ सुरू असल्याने त्यांची संख्या मोठी होती, परतताना निराळाच अनुभव आला. दुबई जोखमीच्या देशांच्या यादीत नव्हती. तरीही डिसेंबरअखेर मुंबई महापालिकेने तेथून येणाऱ्या मुंबईकरांना सात दिवस घरी थांबण्याचा आदेश काढला. मुंबईबाहेर राहणाऱ्यांना सार्वजनिक वाहनाने जाण्यास मनाई करून त्यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी वाहनाची व्यवस्था करावी, असे ठरले. निघताना नसलेला नियम परतताना विमानतळावर उभा होता. लगेचच, ११ जानेवारी २०२२ पासून, केंद्राने सर्वच आंतरराष्ट्रीय प्रवाशांना सात दिवसांचे गृहविलगीकरण लागू केले. पाच दिवसांच्या सहलीसाठी कार्यालयातून आठवड्याची रजा घेतलेल्यांची रजा दुप्पट झाली.

ही सक्ती महिनाभरच टिकली. १४ फेब्रुवारी २०२२ पासून जोखमीच्या देशांची यादी रद्द झाली आणि विलगीकरणाच्या जागी चौदा दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याची सूचना आली. ‘एअर सुविधा’ संकेतस्थळावरील स्वयंघोषणापत्र २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाले. चीनमधील उद्रेकानंतर १ जानेवारी २०२३ पासून ते चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंड येथून येणाऱ्यांसाठी पुन्हा लागू करण्यात आले आणि १३ फेब्रुवारी २०२३ रोजी तेही मागे घेण्यात आले.