फुकट आणि मुक्त

महाविद्यालयात शिकवताना एखादा चांगला इंग्रजी धडा आपल्याला संगणकावर फुकट मिळतो. त्याचे मराठी भाषांतर करावे, आकृतीत आपल्याकडचे उदाहरण घालावे आणि तो छापून इतर शिक्षकांनाही द्यावा, असे वाटते. तसे करता येईल का? लेखकाने परवानगी दिलेली नसेल, तर नाही. लेखन पूर्ण होताच त्यावर लेखकाचा प्रताधिकार आपोआप लागू होतो. वर्गात शिकवण्यासाठी कायदा काही मोकळीक देतो, पण बदललेला मजकूर प्रसिद्ध करायला ती पुरत नाही.

या अडचणीवरचा तोडगा प्रथम संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी काढला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 मध्ये एक परवाना तयार केला. आज्ञावली कोणीही वापरावी, बदलावी, वाटावी; मात्र पुढच्यालाही तेच स्वातंत्र्य द्यावे, अशी त्याची अट होती. 1998 मध्ये डेव्हिड वायली या विद्यार्थ्याने हीच कल्पना लेखन आणि शैक्षणिक साहित्याला लावली.

याच सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने इंटरनेटचा उपयोग कसा करावा हे ठरवण्यासाठी एक समिती नेमली. अभ्यासक्रम विकून पैसे मिळतील का, हे तिने तपासले. त्यात फारसा फायदा दिसेना. तेव्हा समितीने उलटाच सल्ला दिला: सगळे फुकट देऊन टाका! एप्रिल 2001 मध्ये अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी तशी घोषणा केली. सप्टेंबर 2002 मध्ये पहिले काही अभ्यासक्रम खुले झाले, 2007 अखेर त्यांची संख्या 1800 झाली. पदवी मात्र फुकट नव्हती. टिपणे, प्रश्नपत्रिका, वाचनाच्या याद्या तेवढ्या मोकळ्या होत्या.

2002 मध्येच युनेस्कोच्या पॅरिसमधील बैठकीत अशा सामग्रीला 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हे नाव मिळाले, आणि डिसेंबरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने आले. आता लेखकाला वकील गाठण्याची गरज उरली नाही. भारतात आय.आय.टी. आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून 2003 मध्ये एन.पी.टी.ई.एल. हा प्रकल्प सुरू केला, मुंबईची आय.आय.टी.ही त्यात होती. 2012 मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने महाविद्यालयीन भौतिकशास्त्राचे संपूर्ण पाठ्यपुस्तक मुक्त केले.

म्हणून साहित्य शोधताना किंमत पाहून थांबू नये, परवानाही वाचावा. त्यावरील अक्षरे थोडीच असतात. 'बाय' म्हणजे मूळ लेखकाचे नाव द्या. 'एस.ए.' म्हणजे बदललेली प्रतही त्याच अटींवर द्या. 'एन.सी.' म्हणजे त्यावर धंदा करू नका. 'एन.डी.' असेल तर बदललेली प्रत वाटता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच आहे! मराठीत शिकवणाऱ्याच्या दृष्टीने असे साहित्य फुकट असले तरी अर्धे बंदच राहते.

आणखी एक गोष्ट. आपल्यापैकी अनेकांच्या वह्यांत वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेली टिपणे, उदाहरणे आणि प्रयोग पडून असतात. ती दुसऱ्यांना वापरू द्यायची असतील, तर त्यांच्या तळाशी परवान्याची एक ओळ लिहिली की पुरे. ती ओळ नसेल, तर आपली इच्छा कितीही असली तरी कायद्याने ती टिपणे बंदच राहतात.