तोतया : तेव्हाचा व आताचा

शिराळ्याच्या मारुतीची स्थापना समर्थ रामदासांनी केली. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच समर्थ उठून गेले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. त्या शब्दाचा विसर पडल्यास काय होते, हे पेशवाईने १७७६ साली अनुभविले.

सदाशिवरावभाऊ १७६१ मध्ये पानिपतावर पडले. परंतु पत्नी पार्वतीबाईंची आशा सुटेना. अशाच आशेच्या बळावर एक तोतया भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. रत्नागिरीच्या अंमलदाराच्याच साह्याने तो कैदेतून सुटला व कोकणात त्याने मोठी फौज जमविली. शहाणेसुरतेही फसले. अखेर महादजी शिंदे प्रभृतींनी त्याचा मोड केला व पुण्यात त्यास देहान्त शासन झाले.

आजचा तोतया दूरध्वनी, संदेश वा ई-मेलमधून येतो. पोलीस वा बँकेचा अधिकारी म्हणवितो, ‘डिजिटल अटके’ची भीती घालतो. असली अटक कायद्यातच नाही. त्या तोतयाने आशेचा फायदा घेतला, हा भीतीचा घेतो; भांडवल दोघांचेही उसने नावच! म्हणून संभाषण तत्काळ तोडावे, कार्यालयाचा क्रमांक स्वतः शोधून खातरजमा करावी, ओटीपी कोणासही सांगू नये. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. नुसत्या नावावरून माणसाची ओळख पटवू नये, हाच या इतिहासाचा धडा.