डोंगरांचीं नांवें

बुलढाणा जिल्ह्यांतील माणसाला 'तुम्ही कोठचे?' म्हणून विचारलें, तर पुष्कळदां तो गांवाआधीं घाट सांगतो. कोणी घाटावरचा, कोणी घाटाखालचा. अजिंठ्याच्या रांगेनें जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत, हा भूगोलाचा धडा तेथील मुलांस शाळेपूर्वींच येत असतो. स्थळांचीं नांवें म्हणजे पूर्वजांनीं घालून दिलेले असे धडेच होत.

लोणारचेंच पाहा. तेथें विष्णूनें लवणासुरास मारिलें, अशी कथा आहे. शास्त्रज्ञ म्हणतात, अशनीच्या आघातानें तें विवर झालें. कांहीं असो, सरोवराचें पाणी खारें आहे आणि 'लवण' हा शब्द त्या नांवांत अजून शाबूत आहे. बुलढाणा म्हणजे भिल्लांचें ठाणें, ही उपपत्तीहि प्रसिद्धच आहे.

हीं नांवें आपल्या ओळखीचीं, म्हणून तीं आपल्याशीं बोलतात. परंतु घाट उतरून, पूर्णा ओलांडून जळगांव-जामोदच्या उत्तरेस सातपुडा लागला, कीं आपला कोश अपुरा पडतो. तेथें कोरकू व निहाल लोक राहतात. पाण्याला कोरकूंत 'डा' म्हणतात, निहालींत 'जोप्पो'. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीच्या १९०६ सालच्या खंडांत निहालीची गणना कोरकूबरोबर झाली होती. पुढील अभ्यासकांनीं ती कोणत्याच ज्ञात कुळांत न बसणारी, एकाकी भाषा ठरविली. ती बोलणारे अवघे दोन-अडीच हजार.

त्या पायथ्याशीं मी शिक्षक असतांना एका निहाल विद्यार्थ्यानें गांवच्या नकाशांत एका ओढ्याचें नांव घरच्या उच्चाराप्रमाणें लिहिलें. मीं तें अशुद्ध म्हणून खोडलें आणि वर एक सुबक मराठी नांव घातलें. "गुरुजी, आजा त्याचा अर्थ सांगतो," असें तो म्हणत होता. मीं ऐकून घेतलें नाहीं. कांहीं वर्षांनीं चूक उमगून विचारावयास गेलों, तों आजा निवर्तला होता. मुलालाहि अर्थ आठवेना. तोहि माझेंच नांव सांगूं लागला होता.

स्कॉटलंडांतील पुष्कळ डोंगरांचीं नांवें गेलिक भाषेंतलीं. एकोणिसाव्या शतकांत सरकारी मोजणी झाली, तेव्हां प्रत्येक नांवाचीं निरनिराळीं रूपें, तीं सांगणाऱ्या स्थानिक माणसांचीं नांवें आणि जागेचें वर्णन नामवह्यांत टिपून ठेवण्यांत आलें. चुका तेथेंहि झाल्या. पण वह्या उरल्या, म्हणून त्या चुका आज तपासतां येतात. माझी चूक तपासावयास कांहींच उरलें नाहीं.

म्हणून श्रोत्यांस एवढीच विनंति. सुटींत गांवीं जाल तेव्हां एक कोरी वही न्या. ओढा, टेकडी, खिंड यांचीं नांवें वृद्धांस विचारा. ऐकाल तसा उच्चार लिहा, सांगणाऱ्याचें नांव लिहा, तो सांगेल तो अर्थ लिहा. दोघांनीं दोन अर्थ सांगितले तर दोन्ही लिहा. शुद्धलेखन मागाहून पाहतां येईल. आजा मागाहून भेटत नाहीं.