वेड पांघरून

आमच्या श्रीगोंद्यात तेव्हा गणपतीला व्हिडिओ यायचा. म्हणजे मंडळाची पोरं वर्गणीतून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायची आणि चौकात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मांडून तीन पिक्चर सलग दाखवायची. पहिला देवाचा, दुसरा मारामारीचा, तिसरा पोरांच्या मर्जीचा. १९८९चा गणपती असेल, नाहीतर नव्वदचा. साल डळमळतं, पण त्या रात्री ‘अशी ही बनवाबनवी’ लावला होता आणि आजी पोत्यावर मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, एवढं मात्र लख्ख आठवतं.

पिक्चर तुम्ही पाहिलाच असेल. पुण्यात चार गडी, खिशात पैसा नाही, राहायला जागा नाही. लीलाबाई काळभोर खोली देणार ती जोडप्यांनाच. मग परशाची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन लुगड्या-पोलक्यात आले की सगळा चौक लोळायचा. आजीही हसत होती, पण भलत्याच ठिकाणी. लक्ष्याला बघून ती फक्त “पाऊल बघ केवढं टाकतोय” एवढंच पुटपुटली. खरं हसू यायचं ते लीलाबाई आली की. मी विचारलं, “आजी, तिचं काय हसायचं?”

“आरं, तिला काय कळत न्हाय व्हय? उभ्या जन्माची बाई ती. गडी हायती हे पहिल्या दिशीच कळलंय तिला. वेड पांघरून पेडगावला चाललीया.”

पिक्चर लिहिणाऱ्या वसंत सबनिसांच्या मनात असं काही असेल असं मला वाटत नाही. पण त्या रात्रीपासून मला तो पिक्चर आजीच्याच डोळ्यांनी दिसतो. सोंग आणणाऱ्यापेक्षा सोंग न ओळखणारा जास्त कसबी, हे तिचं म्हणणं. “सगळी सोंगं आणता येत्यात, पैशाचं येत न्हाय,” असं आपण म्हणतो, आणि त्या चौघांची गत तीच होती. पैशाचं सोंग जमेना म्हणून बाईचं आणलं. पण ते टिकवलं कुणी?

पेडगाव बाहेरच्यांना म्हणीपुरतं ठाऊक असतं. आम्हाला ते एसटीच्या पाटीवरचं गाव. आमच्याच तालुक्यात, भीमेच्या काठावर. तिथला किल्ला म्हणजे बहादूरगड. हल्ली धर्मवीरगड म्हणतात. म्हण कशी पडली याच्या कथा जितकी तोंडं तितक्या. आमचे आबा, म्हणजे आजोबा, ती थेट शिवाजी महाराजांपाशी नेऊन भिडवायचे. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश पेडगावला तळ देऊन बसलेला. राज्याभिषेक झाला त्याच साली, १६७४ला, मराठ्यांची एक लहान तुकडी त्याच्यासमोर येऊन उगाच घाबरल्यासारखी पळत सुटली. खान सगळी फौज घेऊन मागं. आणि मोकळ्या छावणीवर दुसरीकडून मोठी फौज पडली. एक कोटीची लूट आणि दोनशे घोडे! आबा हा आकडा असा सांगायचे, जसे घोडे मोजून दावणीला त्यांनीच बांधले.

पण त्याच पेडगावची दुसरी गोष्ट ते कधी रंगवून सांगत नसत. १६८९ साली संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना पकडून इथंच आणलं, विदूषकाचा वेश चढवून उंटावरून धिंड काढली. तिथवर आलं की आबा तंबाखूची चंची उघडायचे आणि बराच वेळ चुन्याच्या डबीचं झाकण लावत बसायचे. आपण आणलेलं सोंग वेगळं आणि दुसऱ्यानं अंगावर चढवलेलं वेगळं. हे त्यांनी तोंडानं कधी सांगितलं नाही, त्या डबीनंच सांगितलं.

आता आमच्या घरातल्या सोंगाकडे येतो. आबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्याआजोबा, तरुणपणी यात्रेच्या नाटकात तारामती झाले होते. रंगानं उजळ, आवाज बारीक, मान लांब. गावानं एकमतानं त्यांनाच धरलं. नेसायला शिकवलं आजीनं. नवी सून होती ती तेव्हा. दिराला परसात उभं करून नऊवारी नेसवली, कासोटा कसा घट्ट मारायचा, ओचा कुठं खोचायचा, कळशी कमरेवर घेताना कुठला खांदा पाडायचा, सगळं दाखवलं. “आठ दिस पाणी भरायला लावलं त्याला. नाटक ऱ्हाऊ द्या, पाणी तर आलं घरात!” असं सांगून ती पदर तोंडाला लावून हसायची.

अडलं ते मिशीवर. पणजोबा जिवंत होते. बाप हयात असताना पोरानं मिशी काढायची नाही, हा त्या काळचा दंडक. मिशी उतरायची ती बाप गेल्यावर. हीच अडचण थेट दादासाहेब फाळक्यांपुढेही उभी राहिली होती, हे मला फार पुढं कळलं. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला घेतला, तर तारामती व्हायला एकही बाई तयार होईना. कोठ्यावरच्याही नाही म्हणाल्या. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खानावळीतला आचारी, अण्णा साळुंके, तारामती झाला. आणि लुगडी नेसायला तयार झालेल्या पुरुषांची मिशी काढताना पुन्हा तोच घोळ, बाप जिवंत आहे ना! ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त हे पाहताना सगळं थेटर हसलं. मला तात्या दिसले. साळुंक्यांनी पुढं कमालच केली. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये रामही तेच आणि सीताही तेच!

तात्यांनी मिशी ठेवूनच तारामती केली. सगळा वेळ पदराचा काठ दातात धरून. संवाद निम्मे पदरातच राहिले, पण बायाबापड्या म्हणाल्या, “काय सोसती बाई, तोंडातून सबूद काढंना!” शेजारच्या एका म्हाताऱ्यानं तर त्यांना बालगंधर्वांच्या पंगतीला बसवलं. बालगंधर्वांचं सगळंच और. घरंदाज बायका त्यांचं बघून साडी नेसायला, पदर घ्यायला शिकत. तेच नारायणराव ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त १९३५ साली एकनाथ महाराज होऊन पुरुषाच्या वेशात आले, तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं म्हणे. माणूस आपल्या खऱ्या कपड्यांत आला, तर लोकांना तेच सोंग वाटलं!

नाटक झालं आणि दोन महिन्यांत तात्यांची सोयरीक निघाली. गंमत बघा, मुलगी पेडगावची. तोवर कुणीतरी तिकडं कानात घातलं होतं की मुलगा नाटकात बाई होतो. तेव्हा ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. मुलीचा बाप बघायला आला. गूळ-शेंगदाणे झाले, पाणी झालं, आणि त्यानं हळूच विषय काढला. पणजोबांची मान खाली. तेवढ्यात आतून, चुलीपासून, आजीचा आवाज आला, “त्यो आमचा न्हवं, पाव्हणं. मावसभाऊ हाय त्येंचा. तोंडावळा एकच.”

पाहुणे म्हणाले, “व्हय का? तरीच.” आणि सुपारी फुटली.

लग्नानंतर कित्येक वर्षांनी व्याह्यांनी काष्टीच्या बैलबाजारात आबांना सांगितलं, “नाटकाला म्या पयल्या रांगेत हुतो की!” काष्टीच्या बाजारात जुनी माणसं रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव करायची. आजूबाजूच्या सगळ्यांना तो कळलेला असायचा, बोलायचं कुणी नाही. ही सोयरीकही तशीच, रुमालाखाली झालेली. लोक वेड पांघरून पेडगावला जातात, आमचे व्याही पेडगावाहून पांघरून आले.

पण असा पेडगावकर सगळ्यांच्याच नशिबी नसतो. कोल्हापूरच्या गणपत पाटलांचं बघा. मराठी तमाशापटांतला नाच्या म्हणजे गणपत पाटील. ती मुरड, तो लाडिक हेल, ती टाळी. त्यांनी ते इतकं हुबेहूब केलं की लोकांनी त्यांना तेच समजून टाकलं. घरदार, बायकोमुलं असलेला माणूस. पण रस्त्यात टवाळी, आणि मुलांच्या सोयरिकी जुळवतानाही तो नाच्या आडवा आला. २००८ साली ते गेले. पुढं दोनच वर्षांनी ‘नटरंग’ आला, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. पैलवानाचा नाच्या होताना अतुल कुलकर्णीला बघून लोक रडले. मीही रडलो. पण रडताना मला गणपत पाटलांच्या पिक्चरला आपण किती खिदळलो होतो, तेही आठवत होतं. लुगडं नेसलेल्या नटावर हसायला कुणाची ना नसते. त्यानं ते उतरवून ठेवल्यावर आपण त्याला कुठल्या नावानं हाक मारतो, प्रश्न तिथं आहे.

आजीचं माहेर नेवाशाकडचं. त्यामुळे तिचं सगळं गणित मोहिनीराजापाशी येऊन थांबायचं. नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे. बाई झालेला विष्णू, नावातच ‘मोहिनी’ही आणि ‘राज’ही. लहानपणी मी विचारायचो, देव की देवी? ती म्हणायची, “हात जोडायला तुला काय अडतंय?” मग गोष्ट यायची. समुद्रातून अमृत निघालं, दैत्यांना भुलवायला विष्णूनं मोहिनी रूप घेतलं आणि देवांना वाढायला सुरुवात केली. राहू बेटा देवाचं सोंग घेऊन पंगतीत बसला. सूर्य-चंद्रानं ओळखलं आणि चुगली केली. राहूचं मुंडकं उडालं. आपल्याला शाळेत यावर सोंग घेऊ नये असं शिकवतील. आजीचा बोध निराळाच: “देवानं सोंग घेतलं त्ये चाललं, राहूनं घेतलं तर मान उडवली. आन् चुगली करणाऱ्याला अजून गिरान लागतंय बघ.”

चुगली न करण्याचं व्रत तिनं घरातही पाळलं. आबांना तमाशाचं वेड. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांचा फड यात्रेला असला की आबांना हमखास कुठंतरी कीर्तन लागायचं. कांताबाई नुसत्या नाचणाऱ्या नव्हत्या. वगात त्या पुरुषाचं पात्र करत, शिवाजी महाराज उभे करत. “बाई म्हणून बघाय जावं आन् मुजरा करून यावं,” असं आबा कुणाला तरी सांगताना मी ऐकलं होतं. सकाळी कोपरीच्या खिशात तिकिटाचा तुकडा निघायचा. आजी तो काढून चुलीत टाकायची आणि विचारायची, “कीर्तन कुठल्या अभंगावर झालं?” आबा काहीतरी ठोकून द्यायचे. ती म्हणायची, “ग्वाड असतोय त्यो.”

पुढं मी पुण्यात शिकायला गेलो आणि ही बनवाबनवी जगभर चालते असं कळलं. आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ मूळची इंग्रजांची, ब्रँडन थॉमसच्या १८९२च्या नाटकावरून उचललेली. पण विजय चव्हाण मावशी होऊन गिरक्या घ्यायला लागले की ती कुणाला परकी वाटेल? मग एका मित्राच्या खोलीवर ‘सम लाइक इट हॉट’ पाहिला. बिली वाइल्डरचा, १९५९चा. दोन कफल्लक वाजंत्री शिकागोत गुंडांनी केलेलं हत्याकांड बघतात आणि जीव वाचवायला बायकांच्या बँडमध्ये बायका होऊन शिरतात. चित्र कृष्णधवल, कारण रंगीत फिल्मवर त्या दोघांची रंगरंगोटी हिरवट दिसायला लागली होती. हॉलिवूडची तेव्हा स्वतःची एक नियमावली होती, पडद्यावर काय चालेल, काय नाही याची. तिचा शिक्का या पिक्चरला मिळाला नाही. तो तसाच लागला आणि तुफान चालला.

दिवाळीत घरी आलो तेव्हा पाऊस लागला होता. आजी हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करत होती. तळहातावर लहान गोळा, दुसऱ्या हातानं सरसर वळ, दोन्ही टोकं जोडून उकळत्या रश्शात. तिच्या पुढ्यात बसून मी अख्खा पिक्चर सांगितला. बाई झालेल्या त्या जेरीवर एक श्रीमंत म्हातारा लट्टू होतो, लग्नच ठरवतो. शेवटी बोटीत हा कारणांवर कारणं सांगतो. मी अशी, मी तशी, मला पोर होणार नाही. म्हातारा ढिम्म. अखेर टोप ओढून काढतो, “मी गडी आहे!” तरी म्हातारा हसतच नाव हाकतो, कुणात काही ना काही कमी असायचंच म्हणतो.

आजीचे हात थांबले. शेंगोळं अर्धं वळलेलं.

“कुठला म्हणालास त्यो म्हातारा?”

“अमेरिकेतला.”

“पेडगावचा दिसतोय,” ती म्हणाली आणि शेंगोळं रश्शात सोडलं.

आता एकच आठवण राहिली, सगळ्यांत जुनी. मी पाच-सहा वर्षांचा असेन. गौरीच्या जागरणाला आमच्या माजघरात गल्लीतल्या बाया जमायच्या. दार आतून लावलेलं. पुरुषांना मज्जाव, मी झोपाळू म्हणून गोधडीत चाललो. फुगड्या झाल्या, झिम्मा झाला आणि सोंगं सुरू झाली. गोधडीच्या फटीतून बघतो तर मधोमध सावकार उभा. धोतर, फेटा, काजळाची मिशी, हातात काठी. आवाज खर्जातला: “व्याज कुठाय गं?” बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. सावकारानं काठी आपटली तेव्हा मनगटावरचा हिरवा चुडा खुळखुळला आणि मला कळलं, ही आजी. तिचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि पुढंही कधी ऐकला नाही. माझा थोडा थरकापच झाला. मी डोळे मिटून घेतले.

आबा बाहेर ओट्यावर निजलेले. एका लाकडी दाराआड. त्यांच्या घोरण्याचा आवाज मात्र त्या रात्री आत आला नाही.

सकाळी वलणीवर त्यांचं धोतर नेहमीच्या जागी, नेहमीच्याच घडीत. आबांनी ते झटकलं. काठाजवळ कुंकवाचा बोटभर डाग. आजी चुलीपुढं पाठमोरी, फुंकणीनं जाळ करत होती. आबांनी डागाकडे बघितलं, तिच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

काही न बोलता त्यांनी धोतर नेसायला घेतलं आणि निऱ्या घालताना डागाची बाजू नीट आत दुमडून घेतली.